बेझियन टी-टेस्टचा निकाल वाचायचा कसा? जॅस्पमधल्या एका छोट्या तक्त्याची उकल

जॅस्प या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये बेझियन टी-टेस्ट (दोन सरासरींमधला फरक तपासणारी चाचणी) चालवायला अर्धं मिनिट पुरतं. पंचाईत होते ती त्यानंतर. पडद्यावर एका ओळीचा तक्ता येतो, त्यात 'बीएफ१०' (बीएफ म्हणजे बेझ फॅक्टर) या नावाखाली एक आकडा असतो, शेजारी 'एरर %' असतं आणि पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) कुठेच दिसत नाही. आजवर "पी ०.०५ च्या आत, म्हणजे फरक आहे" एवढ्यावर ज्यांचं भागलं त्यांचा हात इथे अडतो. मग नेटवरून एक कोष्टक शोधायचं, आपला आकडा "भक्कम पुरावा" या रांगेत बसतो का ते बघायचं आणि प्रबंधात तसं लिहून मोकळं व्हायचं, असा सरसकट रिवाज आहे. कोष्टक चुकीचं नाही, पण ते सगळ्यात शेवटी उघडायचं. त्याआधी आकडा कशाची कशाशी तुलना करतोय हे कळलं पाहिजे.

आधी सोबत करून पाहण्यासाठी आकडे घेऊ. १९०५ साली कुश्नी आणि पीबल्स यांनी झोपेच्या औषधांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. रुग्ण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामाझू इथल्या मनोरुग्णालयातले होते. डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने टी-टेस्टचा पाया घालणारा निबंध लिहिला, तेव्हा उदाहरणासाठी त्यांनी याच प्रयोगातले दहा रुग्ण घेतले. म्हणजे टी-टेस्टइतकीच जुनी ही आकडेवारी आहे. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरणाऱ्यांना ती 'स्लीप' नावाने आयती मिळते. प्रत्येक रुग्णाला दोन्ही औषधं वेगवेगळ्या वेळी दिली आणि नेहमीपेक्षा किती तास जास्त झोप लागली ते मोजलं:

औषध १: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०
औषध २: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४

क्रम मोडू नका. पहिल्या रांगेतला तिसरा आकडा आणि दुसऱ्या रांगेतला तिसरा आकडा एकाच माणसाचे आहेत.

पायरी १: टेस्ट चालवा

एक्सेलमध्ये दोन उभे रकाने करा, वर नावं द्या, फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह करा आणि जॅस्पमध्ये उघडा. वरच्या पट्टीत 'टी-टेस्ट्स'वर क्लिक केलं की दोन गट दिसतात: क्लासिकल आणि बेझियन. बेझियनमधली 'पेअर्ड सॅम्पल्स' निवडा आणि दोन्ही रकाने जोडीने उजवीकडच्या चौकटीत टाका. बाकी काही बदलू नका. बीएफ१० खाली १७.२५९ आलं पाहिजे. न आल्यास आकडे टाकताना कुठेतरी गफलत झाली आहे.

पडताळा म्हणून क्लासिकल टेस्टही चालवून ठेवा: सरासरी फरक १.५८ तास, टी ४.०६, स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) ९, पी ०.००२८. (औषध १ वजा औषध २ असा हिशोब होत असल्याने फरक आणि टी दोन्ही उणे चिन्हाने दिसतील. हे चिन्ह पुढे कामाला येणार आहे.)

जॅस्प फुकट आहे आणि ते अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालं. त्याच्या नावातल्या 'जे'मागे हॅरॉल्ड जेफ्रीज आहेत. केंब्रिजचे हे भूभौतिकशास्त्रज्ञ. पृथ्वीचा गाभा द्रवरूप असल्याचं त्यांनी दाखवलं, आणि बेझ फॅक्टरची आजची पद्धतही मुळात त्यांचीच. पडद्यामागचं गणित आरमधलं 'बेझफॅक्टर' हे पॅकेज करतं, त्यामुळे आरमध्येही हेच उत्तर मिळतं.

पायरी २: आकड्याआधी खालची अक्षरं वाचा

'बीएफ१०' मधले १ आणि ० म्हणजे दहा नव्हे. ते 'एक-शून्य' असं वाचायचं. एच१ म्हणजे "फरक आहे" हे गृहीतक, एच० म्हणजे "फरक अजिबात नाही" हे शून्य गृहीतक. ज्याचा अंक आधी, त्याच्या बाजूने आकडा बोलतो. बीएफ१० = १७.२६ म्हणजे फरकाच्या बाजूने १७.२६. तीच गोष्ट 'बीएफ०१' निवडून पाहिली तर १ भागिले १७.२६, म्हणजे ०.०५८ दिसेल. पुरावा तोच, फक्त उलट बाजूने मांडलेला.

हे क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यात जास्त फजिती इथेच होते. एसपीएसएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही बेझियन टेस्ट आहे आणि तिथे बेझ फॅक्टर शून्य गृहीतकाच्या बाजूने छापला जातो. तिथे ०.०५८ दिसलं की पी-व्हॅल्यूची सवय असलेला डोळा लगेच म्हणतो, "अरेरे, ०.०५ च्या जरासं वर गेलं." प्रत्यक्षात तो सतरा पट पुरावा असतो!

जॅस्पमध्ये तिसरा पर्याय 'लॉग(बीएफ१०)' आहे. चुकून तो निवडला गेला तर तक्त्यात २.८५ दिसेल, कारण १७.२६ चा नैसर्गिक लॉगरिदम तेवढाच येतो. कोष्टकात २.८५ शोधलं तर पुरावा जुजबी ठरेल. लॉगमध्ये शून्य म्हणजे बरोबरी आणि उणे म्हणजे शून्य गृहीतकाचं पारडं जड, एवढं ध्यानात ठेवून मूळ पर्यायावर परत या.

पायरी ३: १७.२६ म्हणजे नेमकं काय

आकडे हाती येण्याआधी दोन्ही गृहीतकांनी भाकीत केलं होतं असं समजा. एच० म्हणालं, "फरक शून्याच्या आसपास घोटाळेल, जे काही दिसेल तो योगायोग." एच१ म्हणालं, "फरक असेल. लहान असण्याची शक्यता जास्त, पण मोठाही असू शकेल." मग प्रयोग झाला आणि १.५८ तासांचा फरक दिसला. हे आकडे एच१ च्या भाकिताखाली एच० च्या तुलनेत १७.२६ पट अधिक अपेक्षित होते. बेझ फॅक्टर एवढंच सांगतो.

यावरून "फरक खरा असण्याची शक्यता सतरा पट आहे" असं लिहिलं की गल्लत झाली. आकड्यांची अपेक्षितता आणि गृहीतकाची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी. एकीवरून दुसरीकडे जायचं तर प्रयोगाआधी तुमचा कल कुठे होता ते सांगावं लागतं. दोन्ही गृहीतकं सारख्याच तोलाची मानली असतील तर १७.२६ भागिले १८.२६, म्हणजे प्रयोगानंतर एच१ ची शक्यता साधारण ९४.५ टक्के. पण एखादा संशयी परीक्षक म्हणाला की मला आधी एच० दहापट जास्त पटत होतं, तर त्याच्यासाठी हिशोब १७.२६ भागिले १० असा १.७३ वर येतो आणि शक्यता जेमतेम ६३ टक्के भरते. दोघांनी तेच आकडे पाहिले, बेझ फॅक्टरही तोच मानला, तरी ते वेगळ्या ठिकाणी पोचले. दोघांचंही चुकलेलं नाही.

आणखी एक गैरसमज: बीएफ मोठा म्हणजे फरक मोठा. तसं काही नाही. हजारो लोकांची माहिती असेल तर चिमूटभर फरकालाही बीएफ हजारांत जाऊ शकतो. फरक केवढा, याचं उत्तर पाचव्या पायरीतल्या चित्रात आहे.

आता ते कोष्टक. १ ते ३ जुजबी पुरावा, ३ ते १० मध्यम, १० ते ३० भक्कम, ३० ते १०० फारच भक्कम, १०० च्या वर टोकाचा. आकडा १ च्या खाली असेल तर १ ला त्याने भागा आणि तीच पट्टी एच० च्या बाजूने लावा, ०.२ म्हणजे शून्य गृहीतकाच्या बाजूने ५, मध्यम पुरावा. जेफ्रीजनी मुळात या सीमा दहाच्या वर्गमुळाच्या पटीत आखल्या होत्या (३.१६, १०, ३१.६), पुढे सोयीसाठी त्या गोल झाल्या. तेव्हा २.९ आला म्हणून खट्टू आणि ३.१ आला म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. ०.०५ ची जुनी लक्ष्मणरेषा पुसून तिथे ३ ची नवी ओढायची असेल तर बेझियन टेस्टची खटपट कशाला करायची?

१ च्या जवळचा बीएफ वाचणं मात्र शिकून घ्यावं, कारण पी-व्हॅल्यूकडे हे उत्तरच नसतं. पी ०.४० आली तर "फरक नाही" की "माहिती अपुरी", हे तिच्यावरून कळत नाही. बीएफ१० जर १.२ किंवा ०.८ असेल तर माहिती अपुरी, ०.१ असेल तर फरक नसल्याच्या बाजूने दहापट पुरावा. "फरक सापडला नाही" आणि "फरक नाही असं सापडलं" ही दोन वाक्यं तुम्हाला पहिल्यांदाच वेगळी लिहिता येतात.

पायरी ४: ०.७०७ कुठून आलं

एच१ च्या भाकितात "लहान असण्याची शक्यता जास्त, पण मोठाही असू शकेल" असं वर म्हटलं. सॉफ्टवेअरला हे असं मोघम सांगून चालत नाही. त्याला नेमका आकार लागतो. त्यालाच प्रायर म्हणतात. जॅस्पचा नेहमीचा प्रायर कॉशी वितरणाचा (शून्यावर उंच आणि दोन्हीकडे लांब शेपट्या असलेल्या वक्राचा) असतो आणि त्याची रुंदी ०.७०७. तो लागतो डेल्टाला, म्हणजे प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याच्या) मापात मोजलेल्या फरकाला. रुंदीचा सरळ अर्थ असा की डेल्टा −०.७०७ ते +०.७०७ या पट्ट्यात असण्याची शक्यता ५० टक्के धरली आहे, उरलेली ५० टक्के त्याबाहेर.

तुमच्या विषयात हे पटण्यासारखं आहे का ते तुम्हीच ठरवायचं. शिक्षणशास्त्रातल्या किंवा मानसशास्त्रातल्या बऱ्याच विषयांत खरे फरक ०.२-०.३ च्या घरात असतात, तिथे ०.७०७ म्हणजे एच१ ला जरा जास्तच मोठं भाकीत करायला लावणं झालं. तरी नवख्याने ठरलेला प्रायर बदलू नये असं माझं मत आहे. बदलायचाच असेल तर आकडे उघडण्याआधी, आणि कारण लिहून. निकाल पाहून रुंदी फिरवत बसणं म्हणजे निकाल जुळवणं.

पायरी ५: 'प्रायर अँड पोस्टिरिअर' हे चित्र

प्लॉट्समध्ये याची खूण करा, 'अ‍ॅडिशनल इन्फो' चालू असू द्या. फक्त तक्ता पाहून लेख लिहिणारे आणि हे चित्र पाहून लिहिणारे यांच्या लेखांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तुटक रेषा म्हणजे प्रायर, प्रयोगाआधीची समजूत. सलग रेषा म्हणजे पोस्टिरिअर, प्रयोगानंतरची. आपल्या उदाहरणात सलग रेषेचा डोंगर शून्यापासून बराच डावीकडे सरकलेला दिसेल. डावीकडे, कारण औषध १ वजा औषध २ केलंय. शून्यावर दोन राखाडी ठिपके आहेत, एक तुटक रेषेवर आणि एक सलग रेषेवर. त्यांच्या उंचीचं गुणोत्तर हाच बेझ फॅक्टर. ताळा करून पाहा: ०.७०७ रुंदीच्या कॉशीची शून्यावरची उंची ०.४५ असते, तिला १७.२६ ने भागलं की ०.०२६ येतं, आणि खालचा ठिपका तिथेच, जवळजवळ तळाला टेकलेला दिसतो. आकडे पाहिल्यावर "फरक शून्य" ही शक्यता सतरा पटीने खाली बसली. बेझ फॅक्टर डोळ्यांना दिसतो तो इथे.

वरच्या बाजूला मध्यक आणि ९५% क्रेडिबल इंटरव्हल लिहिलेला असतो. फरक केवढा, याचं उत्तर हे. डेल्टा त्या मर्यादांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के, असं सरळ म्हणायची इथे मुभा आहे. नेहमीच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलबद्दल आपण सगळे असंच बोलतो, पण तिथे ते चालत नाही. अट एकच: हे विधान "फरक आहे, आणि प्रायर असा होता" हे मान्य करून केलेलं आहे.

मध्यक पाहिलात तर तो नमुन्यातल्या मापापेक्षा शून्याकडे झुकलेला आढळेल. साधं भागून पाहिलं (१.५८ भागिले फरकांचं प्रमाण विचलन १.२३) तर माप १.२८ येतं. दहाच रुग्ण असल्याने प्रायर त्याला थोडं मागे ओढतो. रुग्ण वाढले की ही ओढ कमी होत जाते. इंटरव्हलची रुंदीही नजरेखालून घाला: भक्कम पुरावा हाती असूनही फरक नक्की किती मोठा हे दहा माणसांवरून नीटसं सांगता येत नाही, हे ती स्पष्ट दाखवते.

चित्राच्या वरची दोन रंगांची चकती १७ विरुद्ध १ अशी वाटणी दाखवते. ती सभेत दाखवायला बरी, त्यापलीकडे तिचा उपयोग नाही.

पायरी ६: रोबस्टनेस चेक

प्रायरची रुंदी बदलली तर निकाल कोसळतो का, हे पाहणारं चित्र. आडव्या अक्षावर रुंदी, उभ्यावर बीएफ. 'वाइड' (१) आणि 'अल्ट्रावाइड' (१.४१४) यांच्या खुणा त्यावर असतात. आपल्या उदाहरणात नेहमीचा प्रायर, वाइड आणि अल्ट्रावाइड, तिन्हींचं उत्तर १७ ते १९ च्या मध्येच राहतं. रुंदी ०.२ इतकी चिंचोळी केली तर मात्र ते आठ-नऊपर्यंत उतरतं. म्हणजे कुठल्याही समंजस प्रायरने पारडं फिरत नाही. "मध्यम" म्हणायचं की "भक्कम", एवढाच वाद उरतो.

चित्रात 'मॅक्स बीएफ' ही खूणही असते, सगळ्यात मोठं उत्तर कुठल्या रुंदीला मिळतं ते सांगणारी. मोहात पडून ती रुंदी निवडू नका.

पायरी ७: एकाच दिशेची टेस्ट

"औषध २ ने झोप जास्त लागते" असं तुमचं म्हणणं आधीपासून ठरलेलं असेल तर 'मेझर १ < मेझर २' निवडा. मथळा 'बीएफ−०' होईल आणि आकडा ३४.४२. जवळपास दुप्पट! नवा पुरावा कुठून आला? कुठूनच नाही. आधी एच१ ने आपली निम्मी शक्यता चुकीच्या दिशेवर घालवली होती, आता ती सगळी बरोबर दिशेवर लावली. आता रकान्यांचा क्रम विसरून 'मेझर १ > मेझर २' निवडून पाहा: ०.१०. या दोहोंची सरासरी काढा, १७.२६ च येते. म्हणून निकाल अनपेक्षितपणे ०.१ वगैरे दिसला की "माझं गृहीतक मोडलं" म्हणण्याआधी रकान्यांचा क्रम तपासा.

दोन प्रयोग स्वतः करून पाहा

पहिला. हेच वीस आकडे एकाखाली एक लिहून, शेजारी गट १-२ असं देऊन 'इंडिपेंडंट सॅम्पल्स' टेस्ट चालवा. टी १.८६ वर येतो, पी ०.०७९ आणि बीएफ१० फक्त १.२७. आकडे तेच, सरासरी फरकही तोच १.५८, पण प्रत्येक माणसाची स्वतःशी तुलना करण्याची सोय गेली. काही रुग्णांना मुळातच दोन्ही औषधांनी चांगली झोप लागते, काहींना लागत नाही. तो सगळा चढउतार आता गोंगाट म्हणून मोजला गेला. चुकीची टेस्ट निवडली तर बेझियन पद्धत तुम्हाला वाचवत नाही.

दुसरा. नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तास आहे, बाकी कुणाचाही २.४ च्या वर नाही. हा एकटाच सगळा निकाल ओढून नेतोय असं कुणालाही वाटेल. त्याला काढून टाका. सरासरी फरक १.२४ पर्यंत घसरतो, पण टी ५.६६ होतो आणि बीएफ१० सत्तरच्या पलीकडे जातो. सरासरी वाढवण्यापेक्षा विचलन फुगवण्याचं काम हा रुग्ण जास्त करत होता. म्हणून त्याला वगळावं असं मी म्हणत नाही. सबळ कारणाशिवाय रुग्ण वगळू नयेच. पण एका माणसाने सतराचे सत्तर होत असतील तर दशांशचिन्हानंतरच्या आकड्यांना किती मान द्यायचा ते कळतं. शंका असल्यास त्याच पानावर विल्कॉक्सनचा पर्याय आहे. तो क्रमांकांवर चालत असल्याने अशा टोकाच्या आकड्याचा जोर कमी होतो.

'एरर %' बद्दल सांगायचं राहिलं. तो सॉफ्टवेअरच्या आकडेमोडीतल्या संभाव्य चुकीचा अंदाज आहे, तुमच्या प्रयोगातल्या चुकीचा नव्हे. साध्या टी-टेस्टमध्ये तो नगण्य असतो. बघा आणि पुढे चला.

प्रबंधात लिहायचं कसं

दिशा, प्रायर, आकडा, फरकाचं माप आणि रोबस्टनेस, या पाच गोष्टी यायला हव्यात. नमुना असा:

"दोन्ही औषधांमुळे वाढलेल्या झोपेची तुलना बेझियन पेअर्ड टी-टेस्टने केली (एन = १०; डेल्टावर कॉशी प्रायर, रुंदी ०.७०७, दुहेरी पर्यायी गृहीतक). औषध २ मुळे सरासरी १.५८ तास अधिक झोप लागली. बीएफ१० = १७.२६, म्हणजे मिळालेले आकडे शून्य गृहीतकापेक्षा पर्यायी गृहीतकाखाली सुमारे १७ पट अधिक अपेक्षित आहेत. प्रायरची रुंदी १ आणि १.४१४ ठेवूनही बेझ फॅक्टर १७ ते १९ दरम्यान राहिला."

यानंतर डेल्टाचा मध्यक आणि ९५% क्रेडिबल इंटरव्हल चित्रावरून उतरवून घ्या, चिन्हासकट. जॅस्पची फाइल त्याच्या स्वतःच्या स्वरूपात सेव्ह केली की आकडे, पर्याय आणि निकाल एकत्र राहतात, मार्गदर्शकांना पीडीएफऐवजी तीच पाठवा, म्हणजे "प्रायर कोणता घेतला होता?" हा फोन येणार नाही.